एकटा गेला

१९५८ साल. दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते, तुळशीचे लग्न व्हायचे होते. वार सोमवार, वेळ सकाळी नऊ. ठाण्यात हजर: मी, म्हणजे ठाण्याचा फौजदार, जबाब लिहून घेणारे रायटर हवालदार, तक्रारदार शेट, शेटनी मुंबईहून बोलावलेले खासगी गुप्तहेर, आणि पलीकडच्या तीरावर तर, म्हणजे खाडी पार करून देणारी होडी, चालवणारा म्हातारा साक्षीदार. गैरहजर: आमचा एकमेव मालवणी शिपाई, जत्रेच्या बंदोबस्तावर.

त्या दिवशी आम्ही पाचजण एका खोलीत बसलो होतो आणि एक निरपराध माणूस फासाच्या दिशेने ढकलला गेला. तो सोमवार अजूनही माझा पाठलाग सोडत नाही.

तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा झालेला नव्हता. आमचे साहेब रत्नागिरीला बसत. माझे ठाणे देवगड आणि मालवणच्या मधल्या एका खाडीच्या तोंडाशी होते. अलीकडे गाव, बाजार, मचव्यांचा धक्का. पलीकडे खडक, करवंदीची जाळी आणि वर सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, जाणारी एक घाटी. मी सातारकडचा, नोकरीत नवा, या ठाण्यावर येऊन जेमतेम तीन महिने झालेले. रायटर हवालदार सोलापूरचे. अक्षर मोत्यासारखे, पण समुद्र त्यांनी माझ्याच बरोबर पहिल्यांदा पाहिलेला.

प्रकरण असे. शेट म्हणजे तीन मचव्यांचे मालक. त्यांची धाकटी मुलगी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे घरातून नाहीशी झाली. तुळशीचे लग्न लागले की तिचेही उरकायचे ठरले होते. नवरा मुलगा दोन लेकरांचा बाप होता. आम्ही विहिरी पाहिल्या, धक्का पाहिला, नातेवाईकांकडे माणसे पाठवली. काही हाती लागले नाही.

पहिली खबर दिली एका माडी काढणाऱ्याने. माडावर चढणाऱ्याला पहाटे सगळा गाव दिसतो, हे मी तेव्हा शिकलो. तो म्हणाला, मचवे बांधणारा तरुण सुतार आपल्या लहान होडीतून पलीकडे गेला. जाताना होडीत दोन माणसे होती, येताना एक.

सुताराला बोलावले. वय पंचवीस-सव्वीस, अंगाने दणकट, बोलायला फटकळ. तो म्हणाला, "माका काय्येक म्हायत नाय." होडी घेऊन गेलोच नाही म्हणाला. ते खोटे होते, हे त्याच्या मानेवरून दिसत होते. खोटे बोलताना बरेच लोक डोळे चुकवतात. हा मान ताठ करी.

खासगी गुप्तहेर रविवारी आले. गिरगावात त्यांची कचेरी होती. पांढरी पँट, पायांत बूट, आणि नाकाला रुमाल, कारण वाटेत सुके बांगडे वाळत घातले होते. माणूस हुशार होता. त्यांनी एका दिवसात सुताराची होडी धुंडाळून फळीवरचा तांबडा डाग शोधला. मुलीची ट्रंक उघडून आत काय आहे आणि काय असायला हवे होते, याची यादी केली. मला याद्या करणारी माणसे आवडतात, म्हणून मी त्यांना ठाण्यात बसू दिले. खरे तर नियमात ते बसत नव्हते.

सोमवारी तरीवरचा म्हातारा आला. त्याची झोपडी पलीकडच्या तीरावर, घाटीच्या पायथ्याशी. त्याने जे पाहिले ते चार वाक्यांत सांगितले.

"होडी लागली. दोघांय उतरली. काय तरी बोलली. मगे एकटा गेला."

गुप्तहेर पुढे सरकले. "मुलगी नंतर दिसली?"

"नाय. मगे दिसाक नाय."

रायटर हवालदारांनी लिहिले: 'होडी लागली. दोघेही उतरली. काही बोलणे झाले. नंतर एकटा गेला. मुलगी नंतर दिसली नाही.' रिवाजाप्रमाणे त्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवले. म्हाताऱ्याने मान हलवली. "बरोबर वाचलास." शेट कोपऱ्यात डोके धरून बसले होते; 'मगे दिसाक नाय' एवढेच त्यांच्या कानात शिरले. कोण गेला, कुठून गेला, हे कोणी विचारले नाही. होडीतून आलेला माणूस होडीतूनच जाणार, यात विचारायचे काय?

त्याच दुपारी सुताराला अटक केली. पलीकडच्या खडकांवरून ढकलले तर प्रेत ओहोटीबरोबर थेट बाहेरच्या समुद्रात जाते, असे गुप्तहेरांनी नकाशा काढून समजावले. शेट भिंतीला टेकून खाली बसले ते बराच वेळ उठले नाहीत.

चौकशी चार दिवस चालली. मारहाण मी करू दिली नाही. ती माझी पद्धत नव्हती. प्रश्न मात्र आळीपाळीने विचारले. गुप्तहेरांची भाषा पुस्तकी.

"तू तिला पाण्यात ढकललंस. कबूल कर."

"पाण्यात ढकलूक ता काय नांगर आसा?"

गुप्तहेर माझ्याकडे वळले. "ऐकलंत, फौजदारसाहेब? 'ती' म्हणत नाही, 'ता' म्हणतो. मुलीला हा वस्तू समजतो!"

सुताराने त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिले. "ह्येंका कोणी पगार दिल्यानी?"

मीही हसलो नाही. मला गुप्तहेरांचे म्हणणे पटले होते.

सुताराची आई रोज ठाण्याच्या पायरीवर येऊन बसे. हातात पेजेचे भांडे. काही मागत नसे. एकदाच म्हणाली, "साहेबानू, माझो झील खोटां बोलता तां माका कळता. पण ह्या तेना करूक नाय." आईचे म्हणणे पुरावा होत नाही, असे मी तिला सांगितले. सांगताना बरे वाटले नाही.

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी कोठडी वाढवून दिली होती, पण मुदत संपत आली. रत्नागिरीहून हुकूम आला: आणखी दोन दिवसांत खुनाचे कागद तयार करून आरोपीला तुरुंगात रवाना करा. प्रेत नव्हते. होडीतला डाग मुंबईला तपासणीसाठी गेला होता, त्याचा निकाल यायचा होता. पण खोटा जबाब, माडीवाल्याची साक्ष आणि तरीवाल्याची साक्ष, एवढे तिन्ही मिळून माणसाला बुडवायला पुरेसे होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खानावळीत जेवायला गेलो. ठाण्यामागेच एक बाई खानावळ चालवत. आम्ही सगळे त्यांना काकी म्हणत असू. ताट वाढलेले, पण सोलकढीचा पत्ता नाही.

"काकी, कढी?"

"काय करतलंय साहेबानू? चेडू शेजारी नारळ आणूक गेला, ता थंयच रवला. गजालींक बसला आसतला."

माझा घास हातातच राहिला. "कोण गेला?"

"चेडू. माझा चेडू ओ. काल तुमका वाडूक इल्ला नाय?"

"मुलगी ना? मग गेली म्हणा."

काकी पदराने हात पुसत हसल्या. "गेली म्हणतत ती बायल माणूस. लग्न झालेली, नायतर म्हातारी. चेडू गेला म्हणतत."

"आणि मुलगा?"

"झील गेलो!" त्या आता मोठ्यानेच हसू लागल्या. "फौजदार झालास आणि ह्या येणा नाय तुमका? झील गेलो, चेडू गेला, म्हातारी गेली. ल्ह्यान पोरांका कळता."

मी ताटावरून उठलो. हात धुतल्याचे आठवत नाही.

ठाण्यात येऊन जबाब पुन्हा वाचला. 'नंतर एकटा गेला.' आमच्या कानाला तो पुरुष वाटला. मालवणीत पुरुष असता तर म्हाताऱ्याने 'एकटो गेलो' म्हटले असते. जत्रेवरून परतलेल्या शिपायाला मी ती ओळ फक्त वाचून दाखवली. तो सहज म्हणाला, "म्हंजे चेडू एकटा गेला." मी म्हटले, हे तू आधी का नाही सांगितलेस? तो म्हणाला, "माका कोणी वाचूक दिल्यानी?"

शिपाई, मी आणि गुप्तहेर होडीने पलीकडे गेलो. म्हातारा वल्ह्याला तेल लावत होता.

"आजोबा, त्या पहाटे एकटं कोण गेलं?"

"चेडू. सांगललंय मां? काखेत बोचका घेवन घाटयेन वयर गेला. सुतार होडी घेवन परत गेलो."

"मग आम्ही वाचून दाखवलं, तेव्हा का नाही बोललात?"

म्हातारा गोंधळला. "तुमी वाचलास, एकटा गेला. बरोबरच वाचलास!"

गुप्तहेर खडकावर बसले. बुटात पाणी शिरले होते, तिकडे त्यांचे लक्ष नव्हते. मला वाटले, आता हे गृहस्थ आपलाच निष्कर्ष धरून बसणार. पण त्यांनी खिशातून वही काढली, ट्रंकेच्या यादीचे पान उघडले आणि हळूच म्हणाले, "साहेब, दोन लुगडी कमी होती, ते मी धरलं नाही. शाळा सोडल्याचा दाखला कमी होता, तेही मी सोडून दिलं. मरायला निघालेली मुलगी दाखला कशाला नेईल?"

त्या एका वाक्यासाठी मी त्यांना बाकी सगळे माफ केले.

दाखला लागतो तो शिकायला. मुलीला शिकवणाऱ्या बाई गेल्या वर्षी बदलून सावंतवाडीला गेल्या होत्या. आम्ही घाटी चढलो, सड्यावरची सर्व्हिस मोटार पकडली आणि तळेऱ्याला उतरलो. तिथे रस्ते फुटतात, गाडी बदलावी लागते, आणि प्रवासी चहा घेतल्याशिवाय राहत नाहीत. चहावाल्याला मुलीचे वर्णन सांगितले. तो कप विसळत म्हणाला, "ता? धा-पंद्रा दिवस झाले. सावंतवाडीच्या गाडयेत बसला. रडत होता, पण दोन भजी खाल्ल्यान."

'बसला', 'रडत होता'. आता मला प्रत्येक शब्दात ती मुलगी दिसत होती. गुप्तहेरांनी भर रस्त्यात माझ्या पाठीवर थाप मारली, आणि गणवेशातल्या माणसाला असे करू नये याचे भान दोघांनाही राहिले नाही.

सावंतवाडीला तळ्याच्या मागच्या आळीत बाईंचे बिऱ्हाड सापडले. दार त्या मुलीनेच उघडले. माझा गणवेश पाहून ती मागे सरली नाही. आत गेली, दाखला आणला आणि माझ्या हातात दिला.

"मंगळवारी अठरा पुरी झाली. आता मला कोणी परत नेऊ शकत नाही. मी नर्सिंगला जाणार आहे."

तिच्या कामाची कलमे बाईंनी तिला पढवून ठेवलेली दिसली. मी म्हटले, "परत नेत नाही. पण एक माणूस तुझ्यामुळे कोठडीत आहे."

तिचा चेहरा उतरला. सुतार अटकेत आहे, याची तिला खबरच नव्हती. अठरा पूर्ण होईपर्यंत पत्र पाठवायचे नाही, असे ठरले होते. त्यानेही ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवून शब्द दिला होता: कोणी विचारले तरी सांगणार नाही.

दुसऱ्या दिवशी ती आमच्याबरोबर आली. तरीतून उतरताना अर्धा गाव धक्क्यावर जमला होता. तिला ठाण्यात आणले, तेव्हा सुतार गजांजवळ उभा होता. कोठडीत त्याचा दिवसांचा हिशेब चुकला होता; तो पहिल्यांदा चिडलाच.

"कित्याक इलंस गो? दोन दिस थांबाक जमूक नाय?"

"अठरा झाली रे दादा. मंगळवारीच झाली."

तो मटकन खाली बसला आणि हसू लागला. नंतर मी विचारले, एवढी जोखीम कशासाठी घेतलीस? म्हणाला, "मी मुंबयत गोदीत होतंय तेव्हा माझ्या आवशीची पत्रां ताच लिही. ताणा माका कधी खोटां लिहूक नाय." त्याच्या आईला लिहिता येत नसे.

मॅजिस्ट्रेटसमोर मुलीचा जबाब झाला. ती स्वखुशीने, एकटी गेली. सुताराने फक्त खाडी ओलांडून दिली. तो सुटला. त्याच आठवड्यात मुंबईहून तपासणीचा निकाल आला: डाग माशाच्या रक्ताचा. गुप्तहेरांनी तो कागद मागून घेतला. कचेरीत चौकटीत लावतो म्हणाले. सुताराला मचवे बांधणाऱ्यांनी खांद्यावर घेऊन बाजारातून फिरवले. त्याची आई मागून भांडे सांभाळत ओरडत होती, "पेज सांडतली रे, मेल्यानु!"

शेट मात्र ठाण्यातच बाकावर बसून होते. मुलगी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. मला वाटले, आता खडाजंगी होणार. शेवटी शेटनी वर पाहिले आणि एवढेच विचारले, "जेवलंस काय गो?"

ते लग्न मोडले. ती नर्सिंगला गेली. पुढे एका मोठ्या इस्पितळात मेट्रन झाली.

तपासात माणसाचे बोलणे त्याच्याच शब्दांत आधी उतरवावे, मग आपल्या भाषेत. हा नियम मी त्या दिवसापासून पाळला आणि हाताखालच्यांना पाळायला लावला. रायटरशेजारी गावचा एक माणूस बसलाच पाहिजे, हा दुसरा. साक्षीदार खोटे बोलतो का, हे ओळखायला आम्हांला शिकवतात. खरे बोलणाऱ्याचे नीट ऐकायला कोणी शिकवत नाही.

रत्नागिरीहून मला शाबासकीचे पत्र आले. अहवालात मी लिहिले होते, 'गुप्त बातमीदाराकडून मिळालेल्या माहितीवरून.' खानावळीतली कढी अहवालात घालायला मला तेव्हा लाज वाटली. वर्षभरात माझी बदली झाली. आपल्या एका हसण्याने एक माणूस वाचला, हे काकींना कोणी सांगितले नाही. गेल्या महिन्यात समजले, त्या अजून त्याच घरात आहेत. यंदा निवृत्त झालो, आता सबब उरली नाही. त्यांच्यासमोर बसून हे सगळे सांगायचे काम माझ्या यादीत अजून बाकी आहे.