हेगलीरूड आडनावाचा शेवटचा माणूस

दुपारपासून लिहायचं टाळतोय. मधी भेळ खाऊन आलो, पण डोक्यातनं जाईना.

सकाळी पक्षी बघायला आलेल्या नॉर्वेच्या एका म्हाताऱ्याला आमच्या गावात, वरकुट्यात, घरी चहाला आणलं. माझ्या चुलत्यांनी, तात्यांनी, रिवाजाप्रमाणं आधी आडनाव विचारलं.

"हेगलीरूड." म्हणजे उतारावरची झाडं तोडून काढलेलं रान. तिकडं रानाचंच नाव माणसाला लागायचं, राबणाऱ्या गड्यालाबी.

"मग भावकी मोठी आसंल?"

पाव्हणे म्हणाले, "मी एकटाच उरलोय. मुलीनं नवऱ्याचं आडनाव लावलं."

"दत्तक घ्या की! ह्यो आमचा उडाणटप्पू न्या," तात्यांनी माझ्याकडं बोट केलं.

मी ते इंग्रजीत सांगितल्यावर पाव्हणे हसले, मग कपाकडं बघत बसले. तात्यांनीबी कप खाली ठेवला.

तात्यांना एकच पोरगी, सुरेखाताई. तिनं मनानं लग्न केलं, पण आडनाव बापाचंच ठेवलं. तेव्हापासून बापानं तिला दार बंद केलंय.

नाव चालवायला वारस पायजे म्हणायचं, आणि चालवणारीलाच बाहेर ठेवायचं. तुमच्या घरात न्हाय का आसं?

थांबा, दारात रिक्षा आलीय. सुरेखाताई! तात्यांनीच फोन केला म्हणे. पण आता तेच आतल्या खोलीत जाऊन बसलेत.