एक लांब, एक आखूड

...तर पुलाचं फाटक खाली आलं, काल आपण इथवर आलो होतो. फाटकाच्या अलीकडे मी, हातात डोनटची गरम पुडी, मागे सायकलवाल्यांची रांग, आणि वरून भुरभुर पाऊस. पोर्टलंडचा माणूस छत्री उघडत नाही. टोपी पुढे ओढतो आणि कुरकुरतो. माझ्या शेजारी दंडावर मासा गोंदवलेला एक सायकलवाला होता. तो म्हणाला, "आजोबा, या बाईला पूल उचलायला नेमकी माझ्या कामाची वेळ सापडते."

मी म्हटलं, "बाबा रे, तुझा आजा रांगत होता तेव्हापासून या नदीवर पहिला मान बोटीचा. माणसानं थांबायचं."

ती बाई म्हणजे वर्ना हाउगेन. बावीस वर्षं झाली, पुलाच्या काठावरच्या केबिनमध्ये बसून ती पूल उघडायची आणि मिटायची. मधोमध सांधा, दोन्हीकडची पाखं दाराच्या फळ्यांसारखी वर जातात. एकसष्ट वय, उजवा गुडघा गेलेला, जीभ मात्र धडधाकट. मी डोनट घेऊन गेलो की विचारायची, "साखर लावलेले आणलेस, की पुन्हा नुसत्या गप्पाच?"

तिच्या कामाची रीत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. बोट लांबून भोंगा देते, एक लांब, एक आखूड. पूल उघडणार असेल तर केबिनमधूनही तेच उत्तर जातं. उघडता येणार नसेल तर पाच आखूड. मधलं काही नाही. एकदा होकार गेला की कप्तान बेलाशक पुढे निघतो. म्हणून वर्नाचा नेम असा, की आधी बाहेर सज्जात यायचं, दोन्ही बाजूंच्या पायवाटा या टोकापासून त्या टोकापर्यंत बघायच्या, आणि मग भोंग्याला हात लावायचा. कॅमेरे बसले तेव्हा नवीन लोक हसले तिला. ती म्हणाली, "कॅमेऱ्याला मान वळवता येत नाही रे बाळांनो."

आता त्या दिवशी काय झालं, की वरच्या अंगानं भोंगा आला तो आर्नी कास्किनेनचा. आर्नी टगबोटीचा, म्हणजे मालाचे बार्ज ढकलणाऱ्या बोटीचा, जुना कप्तान. हृदयाची शस्त्रक्रिया झाली, चार महिने घरी बसला होता, त्या दिवशी पहिल्यांदा नदीवर परतला. त्याच्या भोंग्याचा शेवट जरा घोगरा. नदीवर कुणीही ओळखावा. तो ऐकला आणि वर्नाचा हात आपोआप गेला. एक लांब, एक आखूड. उत्तर कसलं, रामराम होता तो. मीही फाटकाशी उभा राहून हसलो.

फाटकं पडली. मग ती सज्जात आली. आली आणि कठडा धरून तशीच उभी राहिली.

सांध्यावर, दिव्याच्या खांबाआड, ऑर्विल टेनी. हा आमच्याच भागातला, पाय अधू, बॅटरीच्या तीनचाकी गाडीवरून किराणा आणायला जाणारा. गाडीचं पुढचं चाक सांध्याच्या फटीत गेलं होतं आणि तो बसल्या बसल्या ते मागेपुढे हिसडत होता. पाखं उचलली असती तर गाडीसकट माणूस त्या फटीत गेला असता.

पाच आखूड भोंगे वाजले. बावीस वर्षांत पहिल्यांदा तिनं दिलेला होकार परत घेतला.

केबिनचं दार उघडं होतं, त्यामुळे वायरलेस मला स्वच्छ ऐकू येत होता. आर्नी म्हणाला, "वर्ना, म्हाताऱ्याची थट्टा करतेस होय?"

"थट्टा नाही. सांध्यावर माणूस अडकलाय."

मग आर्नीचा आवाज आला, आता अगदी हळू. "पुढ्यात खडीनं भरलेला बार्ज आहे. खाली एप्रिलचं पाणी फुगलंय. हे धूड थांबणार नाही. इंजिन उलटं टाकतो. चार मिनिटं देतो. पाचवं मागू नकोस."

तिनं पूल उचलायची किल्ली उपसली आणि खिशात टाकली. म्हणजे ती बाहेर असताना पूल हलणं शक्य नाही. पण ती परत पोचेपर्यंत उघडणंही शक्य नाही. गुडघ्याला हात देत ती जिना उतरली आणि निघाली. पळणं नव्हे ते, खुरडणं. मी पुडी खाली ठेवली आणि फाटकाखालून वाकून गेलो. मासा गोंदवलेला मला मागे टाकून पुढे धावला.

वळणावरून बार्जचं नाक दिसायला लागलं होतं.

"उतर, ऑर्विल," वर्ना म्हणाली.

"अजिबात नाही. या गाडीसाठी मी अकरा महिने अर्ज केलेत. तू तुझा पूल धर ना."

"गाडी गेली तर बाराव्या महिन्यात दुसरी मिळेल. तू गेलास तर तुझ्यासाठी अर्ज करणारं कोण आहे?"

ऑर्विलनं हँडल सोडलं. सायकलवाल्यानं त्याच्या काखेत हात घातले, मी पाय धरले. वर्नानं एकदा बार्जकडे पाहिलं आणि वळली. तिला परतीची वाट चालायची होती. चाळीस पावलं असतील. मी उलटा चालत होतो, त्यामुळे मला बार्जच दिसत होता. खडीचा ढीग, त्यामागे टगचा पांढरा माथा, पाण्याला आलेला फेस, आणि इंजिनाचा असा आवाज, की पायाखालचा पूल थरथरत होता. ऑर्विल माझ्या हातात लटकलेला आणि म्हणतो काय, "टोपलीत अंडी आहेत."

सायकलवाला म्हणाला, "काका, तोंड मिटा, नाहीतर तुम्हाला इथंच ठेवतो."

आम्ही त्याला फाटकाबाहेर टेकवला तेव्हा वर्ना जिन्याच्या मधल्या पायरीवर होती. गुडघा वाकेना, म्हणून एक पाय ओढत, कठड्याला हातांनी खेचत वर चढत होती. आर्नी वायरलेसवर नुसतं तिचं नाव घेत होता, थांबून थांबून. शेवटी केबिनमधून तिचा आवाज आला. "किल्ली लागली."

पाखं हलली. एरवी पूल उघडायला लागतो तेवढाच वेळ लागला असणार, पण सायकलवाल्यानं माझं मनगट धरलं होतं ते पुढे दोन दिवस निळं होतं. माणूस उतरल्यानं हलकी झालेली ऑर्विलची गाडी सांधा फाकताच सुटून उताराला लागली, घरंगळत खाली आली आणि आमच्या पुढ्यातल्या फाटकावर आदळून आडवी झाली. अंडी सगळी फुटली. बार्ज उघड्या पाखांमधून गेला. टगचा माथा पाखांच्या पोलादापासून हातभर लांब राहिला. आर्नीनं जाताना भोंगा दिला नाही. तिनंही दिला नाही.

आठवड्यानं वरच्या कचेरीत चौकशी झाली. साक्षीला मी आणि ऑर्विल. साहेब तसा भला माणूस. फायलीवर पेन टेकवून म्हणाला, "वर्नाबाई, पाऊस होता. काच ओली होती, शिवाय मध्ये खांब. कॅमेऱ्यात माणूस दिसला नाही, हे तर खरंच आहे. तेवढंच लिहितो. म्हणजे तुमची केबिन तुमच्याकडे राहील."

ऑर्विलनं तिला कोपर मारलं. "हो म्हण की, बाई. मी तक्रार करत नाही, तू कशाला करतेस?"

मीही मान हलवली, खोटं कशाला बोलू. वर्नानं दुखरा पाय सरळ केला, साहेबाच्या पेनकडे पाहिलं आणि म्हणाली:

"कॅमेऱ्यात मी पाहिलंच नव्हतं, साहेब. आर्नीचा भोंगा ऐकला, हात आधी गेला आणि डोळे मागून गेले. तसं लिहा. आणि माझ्या जागी ज्याला बसवाल त्याला सांगा, भोंगा जिवाभावाच्या माणसाचा असला, तर आधी दोनदा बाहेर येऊन बघ."