शमीमआपांचं तिसरं वाक्य

चहाने भरलेला कप टेबलाच्या कडेवरून अर्धा बाहेर काढायचा, एका बोटाने तोलून धरायचा आणि समोरच्या बाईच्या डोळ्यांत डोळे घालून विचारायचं, "सांग गो, आता काय होऊ शकतं?" शमीमआपांचा दर शुक्रवारचा इंग्रजीचा वर्ग असा सुरू व्हायचा. उत्तर इंग्रजीत द्यायचं, तीन वाक्यांत द्यायचं, आणि ते पुरं होईपर्यंत कप तिथंच. आपण घाबरून कपाकडे हात नेला की दुसऱ्या हाताने फटका बसायचा. "हात नको चालवू, तोंड चालव!"

पहिल्या शुक्रवारी मला वाटलं, ही बाई काही सरळ नाही. पण मला गरज होती. मी लातूरची, कुवेतच्या जाब्रिया भागातल्या एका खासगी इस्पितळात नर्स. हात माझा हलका, सुई टोचलेली कळायची नाही. तोंड उघडलं की मात्र घोटाळा. रक्त घेण्याआधी पेशंटला सांगायचं असतं की जरा चक्कर येऊ शकते, थोडं निळं पडू शकतं. मला शाळेपासून एकच 'विल' ठाऊक. एका धिप्पाड कुवेती गृहस्थांना मी ठणकावून सांगितलं, "यू विल फॉल. यू विल ब्लीड." ते आपल्या दिशदाशाचा, त्या लांब झग्याचा, पांढराशुभ्र घोळ दोन्ही हातांनी उचलून जे पळाले, ते थेट लिफ्टपाशी जाऊन थांबले. आमच्या हेडनर्स केरळच्या. त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, "उज्ज्वला, एक तर शीक, नाहीतर मुकी राहा."

मग माझी मैत्रीण मृणाल मला आपांकडे घेऊन गेली. मृणाल पुण्याची, कुवेत सिटीत बँकेत. आपा दापोलीकडच्या, तिथल्या शाळेत कितीतरी वर्षं इंग्रजी शिकवून नवऱ्यामागे इकडे आलेल्या. नवरा म्हणजे उस्मानभाई. अम्गऱ्यात टाइल्सच्या वखारीवर काम करायचे आणि घरात जवळजवळ बोलायचेच नाहीत. मी एकदा त्यांना विचारलं, "उस्मानभाई, तुम्ही इतके गप्प कसे?" तर हसून म्हणाले, "आम्हां दोघांत मिळून एकच आवाज आलाय बेटा. तो मी तिच्याकडे ठेवायला दिला." आणि आवाज तरी कसला! आपा तिसऱ्या मजल्यावरून हाक मारायच्या आणि खाली रस्त्यावरचा टॅक्सीवाला ब्रेक दाबायचा.

शिकवण्याची त्यांची तऱ्हा न्यारी. फळा नाही, पुस्तक नाही. "हे बघ," त्या सांगायच्या, "विल म्हणजे घरमालक. येणार म्हणजे येणार. मे म्हणजे शेजारीण, बहुतेक डोकावतेच. माइट म्हणजे पाहुणा. येईल, न येईल. पण चहाला आधण ठेवलेलं बरं. आणि कुड म्हणजे परदेशातली मुलं. मनात आणलं तर येऊ शकतात!" हे शेवटचं सांगून त्या स्वतःच इतक्या खदखदून हसायच्या की आम्हीही हसायचो. त्यांचा मुलगा कॅनडात होता.

तीन वाक्यांचा नियम मात्र कडक. पहिली दोन कशीही असोत, तिसरं चांगलं हवं. "वाईट काय, न बोलावता सुचतं. चांगलं सुचवायला डोकं लागतं." आणि खरंच सांगते, आम्हा बायकांना ते सुचायचंच नाही! उशीर झाला तर साहेब ओरडेल, दूध उतू जाईल, सासूबाई रागावतील: वाईट परिणामांची आमच्याकडे नुसती रांग. कपाच्या त्या खेळात 'फुटेल' झालं, 'कुणाला तरी लागेल' झालं, आणि पुढे सगळ्या ठप्प. शेवटी मृणाल ओरडली, "यू माइट बाय प्रिटियर कप्स!" आपा इतक्या खूश झाल्या की त्यांनी दोन्ही हातांनी टाळी वाजवली. कप खाली, चहा माझ्या पायावर. उस्मानभाई आतून झाडू घेऊनच आले. तो त्यांनी आधीच हातात धरून ठेवला असावा.

एकदा त्यांच्या इमारतीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत आपा, मी आणि पहिल्या मजल्यावरच्या लेबनीज बाई. त्या बिचाऱ्या रडकुंडीला आलेल्या. आपांनी त्यांचा हात धरला आणि इंग्रजीत दरडावलं, "रडायचं नंतर. आधी सांगा, काय काय होऊ शकतं?" बाई म्हणाल्या, दिवे जाऊ शकतात. मग म्हणाल्या, आपण गुदमरू शकतो. "छान! आता चांगलं?" बाई विचारात पडल्या. तेवढ्यात हारिसने, म्हणजे इमारतीच्या रखवालदाराने, दार उघडलं. पण बाई बाहेर येईनात! "थांबा, थांबा, मला सुचतंय!" आणि खुशाल लिफ्टमध्ये उभ्या राहून म्हणाल्या, "वी माइट बिकम फ्रेंड्स." झाल्यासुद्धा. पुढच्या शुक्रवारी त्या वर्गाला हजर, खजुराचा डबा घेऊन.

आणि मग आपांच्या गळ्याला गाठ आली. थायरॉइडची. तपासण्या झाल्या, अर्धी ग्रंथी काढायची ठरली, आणि त्या नेमक्या माझ्याच वॉर्डात दाखल झाल्या. गाठ साधी होती, पण आवाजाची नस तिला अगदी खेटून. सर्जनने सगळं समजावलं होतं. तरी संमतीच्या कागदावर सही घेण्याआधी नर्सने एकदा उजळणी करायची, अशी आमच्याकडची पद्धत. मी मराठीत सुरुवात केली तर त्या म्हणाल्या, "इंग्रजीत सांग. आज तुझी परीक्षा."

"युअर व्हॉइस मे बी होर्स," मी म्हटलं. घोगरा होऊ शकतो. "इट माइट टेक वीक्स." मग "यू कुड..." म्हणून मी सहीचा कागदच सारखा करू लागले. आवाज कायमचा जाऊ शकतो, हे मी या बाईला सांगायचं? दुसऱ्या कुणालाही सांगितलं असतं हो! "काय गो, अर्धं वाक्य सोडतात काय?" त्या म्हणाल्या. मी मान खाली घालून सांगून टाकलं, "यू कुड लूज इट." त्यांनी सावकाश मान हलवली. "बरोबर. आता चांगलं?" माझे डोळे भरून आले. तेव्हा त्या स्वतःच कोपऱ्यात बसलेल्या उस्मानभाईंकडे बघून म्हणाल्या, "माय हजबंड माइट स्लीप." आम्ही दोघी हसत सुटलो. उस्मानभाई हसले नाहीत. आणि आपांचा हात माझ्या हातात होता, तो बर्फासारखा गार पडला होता.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. दुपारी त्यांना वॉर्डात आणलं. शुद्धीवर नीट आल्या, पाणी घेतलं, डोळ्यांनी माझी चौकशीसुद्धा केली. सर्जन आले. "मिसेस शमीम, काहीतरी बोला." आपांनी ओठ घट्ट मिटले आणि मान हलवली: नाही. दुखतंय का? नाही. मग एक शब्द? नाही. डॉक्टर म्हणाले, असू दे, विश्रांती घ्या, आणि पुढच्या खोलीत गेले. मला मात्र लख्ख कळलं. त्या भ्यायल्या होत्या. बोलायला गेलं आणि आवाज नाहीच आला तर? आख्ख्या जगाला वाक्यं बोलायला लावणारी माझी बाई एक अक्षर उच्चारायला घाबरत होती, आणि मला त्यांची इतकी माया आली की तिथंच गळ्यात पडावंसं वाटलं. बाहेर मृणाल आणि लेबनीज बाई दाराला कान लावून उभ्या. आत मी आपांची उशी उगाच सारखी करतेय.

तेवढ्यात उस्मानभाई आले. ऑपरेशन चालू असताना ते खाली नमाजाच्या खोलीत बसले होते, नंतर हेडनर्सने बळेच घरी पाठवलं होतं, तोंड धुऊन या म्हणून. ते शर्ट बदलून आले होते. पण कसा! वरचं बटण दुसऱ्याच काजात, एक बाजू पोटावर, एक गुडघ्याकडे निघालेली, कॉलर कानाला टेकलेली. शर्टात कुणी दुसराच माणूस कोंबून बसवावा तसे ते पलंगाशी उभे राहिले आणि बायकोच्या तोंडाकडे बघू लागले.

आपांनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. ओठ थरथरले. थोपवायचा प्रयत्न केला त्यांनी, मी बघत होते. पण समोर चूक दिसतेय आणि आपा गप्प राहतायत, हे कसं व्हायचं?

"अहो! बटणं! ही काय तऱ्हा, लोक काय म्हणतील?"

घोगरा, फाटका, पण आवाज! बाहेर मृणालने किंकाळी फोडली, लेबनीज बाई रडायला लागल्या, पलीकडच्या खोलीतून डॉक्टर धावत आले. मी तर उशीच छातीशी धरून नाचले. आपा स्वतःच दचकून गळ्याशी हात नेऊन बसल्या होत्या.

उस्मानभाईंनी शर्टाकडे पाहिलंसुद्धा नाही. पलंगाचा कठडा धरून ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "आणखी एकदा ओरड."