दाटीतले तरुण पुंज आणि वसुधा मॅडम

डॉ. वसुधा मॅडमची आणि माझी ओळख पनवेलच्या कॉलेजात झाली. पहिल्याच तासाला त्या म्हणाल्या, “आकाशगंगा ज्यांच्या पोटात वसतात, ते कृष्णद्रव्याचे पुंज दिसत नाहीत. तरी ते कुठे गर्दी करतात हे मोजता येतं.” उरणच्या कोळीवाड्यातून आलेली मी आ वासून ऐकत राहिले. तो आ अजून मिटलेला नाही.

मॅडमचं नाव झालं ते एका निष्कर्षामुळे. सारख्याच वस्तुमानाचे लहान पुंज घेतले, तर आधी घडलेले दाटीवाटीनं राहतात आणि उशिरा घडलेले, म्हणजे तरुण, विरळ. नुसतं वस्तुमान पुरत नाही, पुंजाचं वयही पाहावं लागतं. खारघरच्या आपल्या दोन खोल्यांच्या घरात बसून त्यांनी विश्वाची ही गर्दी मोजली, याचं मला आजही नवल वाटतं.

पीएच.डी.साठी मी तीच मोजणी पुढे नेत होते. मॅडमच्या संगणक-प्रोग्रॅममध्ये विस्कटलेले, म्हणजे अजून न स्थिरावलेले पुंज सुरुवातीलाच गाळले जात. सहज म्हणून मी ते परत घेतले आणि मोजणी पुन्हा केली. ते बहुतेक तरुण होते आणि दाटीत राहणारे. त्यांना वगळल्यामुळेच बाकीचे तरुण पुंज इतके विरळ भासत होते. फरक खरा होता, पण मॅडमनी छापला होता त्याहून बराच कमी.

ज्यांच्या सहीवर माझी पदवी अवलंबून, त्यांनाच हे सांगायचं कसं? आई म्हणाली, “चार दिस झालं, धड जेवत नायस. जा, बाईंना सांग. खातील काय तुला?”

गेले. मॅडमनी माझा नवा आलेख पाहिला, पुन्हा पाहिला.

“कधीपासून माहीत आहे तुला?”

“चार दिवस झाले.”

“आणि चार दिवस मला वर्गात चुकीचं शिकवू दिलंस?”

एवढंच त्या रागावल्या. त्याच दुपारी त्यांनी संशोधनपत्रिकेला दुरुस्ती कळवली. चूक शोधणारी म्हणून माझं नाव घातलं. दुसऱ्या दिवशी प्रथम वर्षाच्या मुलांसमोर स्वतःचा जुना आलेख फळ्यावर काढला आणि त्यावर फुली मारली. मागच्या बाकावर बसून मी रडले, हे मॅडमना आजच कळेल.

मॅडम आज साठ वर्षं पूर्ण करत आहेत. आता मीही शिकवते. विद्यार्थी माझ्या चुका दाखवतात, तेव्हा आधी मला रागच येतो. मॅडम, तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. “माझं चुकलं” असं भर वर्गात म्हणणं मला अजून जमलेलं नाही. ते जमेपर्यंत तरी तुम्ही हव्यात.