पाच लिटर नहर

शालिकरामजी भोयर यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा नागपूर स्टेशनचा एक नंबर प्लॅटफॉर्म त्यांच्या बाजूनं चार बोटं खचला. निदान मी तरी तसंच पाहिलं. जिन्यावरून आधी एक वळकटी आली. मग दुसरी वळकटी आली. मग कापसाच्या बोंद्रीएवढी एक पिशवी आली. तिच्यातून पुढे नुसत्या जवसाच्या चटणीचे सात डबे निघाले. मग एक छत्री आली, ती उघडली असती तर अख्खी सीताबर्डी सावलीत गेली असती. त्यानंतर मिशा आल्या. मिशांच्या मागून, थोड्या वेळानं, स्वतः शालिकरामजी आले आणि ओरडले, "थांबवा जी गाडी!"

गाडी अजून लागायचीच होती. पण त्या आवाजानं अजनीकडे निघालेली एक मालगाडी जागच्या जागी उभी राहिली, चहाच्या किटलीचं झाकण उडालं आणि वेटिंग रूममधलं एक झोपलेलं बाळ उठून, न रडता, सरळ चालायला लागलं.

एवढ्या सामानातल्या एकाच वस्तूला त्यांनी हमालाला हात लावू दिला नाही. पाच लिटरचा पांढरा प्लॅस्टिकचा कॅन. तोंडाला फडकं, फडक्यावर सुतळी, सुतळीला चार गाठी.

आम्ही बारा जण कोकणात निघालो होतो. नागपूरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी रितिका दरवर्षी हिवाळ्यात अशी सहल काढते. पाच दिवस जंगल, समुद्र आणि शांतता. शालिकरामजींना त्यांच्या मुलानं आणि सुनेनं भेट म्हणून पाठवलं होतं. भेट नेमकी कोणाला होती, हा प्रश्नच आहे. कारण निवृत्त झाल्यापासून ते कॉलनीतल्या प्रत्येक नळाला किती मिनिटं पाणी येतं याचा तक्ता करून तो दारोदार वाटत होते.

बडनेरा गेल्यावर कोणीतरी म्हणालं, "काका, जरा कॅनमधलं पाणी द्या."

"हे पाणी प्याचं नाही जी," शालिकरामजी म्हणाले. "पोचवाचं आहे."

पुढे प्रवास वीस तासांचा होता आणि त्यांच्या समोरचा बाक माझा होता. त्यामुळे सगळी हकीकत मला कळली.

शालिकरामजी एकतीस वर्षं नहरावर, म्हणजे कालव्यावर, चौकीदार होते. कन्हानच्या खोऱ्यात एक लहानसं धरण आहे, त्याचा चौदा किलोमीटरचा नहर. गेट उघडायचं, पाळीपाळीनं वावरांना पाणी द्यायचं, गेट लावायचं. नहराच्या शेवटाला सगळे टेल म्हणतात, आणि टेलवर नत्थू राऊत यांचं वावर. एकतीस वर्षं, दर पाळीला, नत्थू खांद्यावर फावडं घेऊन धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभे राहत आणि विचारत, "आलं का गा शालिक?"

"येऊन राह्यलं," शालिकरामजी सांगत.

अकराव्या किलोमीटरपर्यंत पाणी खरंच येत असे. पुढे मधली तहानलेली वावरं, खेकड्यांची बिळं, बेशरमाची झुडपं आणि मे महिन्याचं ऊन मिळून ते पिऊन टाकत. निरोपसमारंभात साहेबांनी शाल पांघरली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मागच्या रांगेतून नत्थू उठून म्हणाले, "मंग आता मी कोणाले विचारू?"

"सारे हासले, भाऊ," शालिकरामजी मला म्हणाले. "मले ते शाल लय गरम लागून राह्यली."

ते समुद्रावर चाललेत हे कळल्यावर नत्थूंनीच हा कॅन आणून दिला होता. "माह्या वावरात नाही पोचवलं, समुद्रात तरी पोचव. साऱ्या पाण्याचा टेल तोच ना?" शालिकरामजींनी धरणाच्या गेटपाशी जाऊन तो भरला. जन्मात एकदा आपल्या हातानं पाणी टेलला पोचवायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. धनेश पक्षी, देवराई, सूर्यास्त वगैरे गोष्टी आमच्यासारख्या रिकाम्या लोकांसाठी होत्या.

कुडाळला उतरून, आमचे यजमान घाडीकाका यांच्या घरी मुक्काम करून, दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आम्ही किनाऱ्यावर गेलो. सुरूच्या झाडांमागून समुद्र एकदम समोर आला. शालिकरामजींनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि विचारलं, "याले गेट कुठी आहे?"

मग त्यांनी तेच केलं जे आपण विदर्भातली माणसं तलावाच्या काठी करतो. पाण्याच्या अगदी कडेला चपला काढल्या, शेजारी कॅन ठेवला आणि फोटोसाठी सगळ्यांना बोलवायला मागे आले. आमच्याकडचं तलावाचं पाणी सकाळी जिथं असतं तिथंच संध्याकाळी असतं. ते माणसाच्या मागे मागे येत नाही. हे आलं. आम्ही वळून पाहिलं तर चपला निघाल्या होत्या आणि कॅन डुलत डुलत ओमानच्या दिशेनं चालला होता.

"बिना सूचना पाणी सोडून राह्यले!" शालिकरामजी पायजमा वर धरून धावले. "भोंगा नाही, दवंडी नाही! कोण आहे गा इथं डुटीवर?"

रितिकानं आणि मी गुडघाभर पाण्यात शिरून कॅन धरला. एक चप्पलही मिळाली. कॅनच्या गाठी शाबूत होत्या. शालिकरामजींनी त्या सोडल्या, कॅन दोन्ही हातांनी उचलला, आणि रितिकानं फोटोसाठी मोबाईल धरता धरता सहज विचारलं, "काका, पाणी कुठलं?"

"कन्हानकडचं."

रितिकाचा मोबाईल खाली आला. "काका... कन्हानचं पाणी इकडे नाही येत."

"मंग कुठी जाते?"

तिनं काडीनं वाळूत भारत काढला. नागपूरच्या जागी एक शिंपला ठेवला. तिथून रेघ खाली नेली, "ही कन्हान, ही वैनगंगा, ही प्राणहिता, ही गोदावरी," आणि रेघ पार उजव्या अंगाला नेऊन संपवली. आम्ही डाव्या अंगाला उभे होतो. रिझर्वेशन करताना बारांतल्या एकालाही हे सुचलं नव्हतं. समुद्र म्हटला की नागपूरच्या माणसाला मुंबईची बाजूच आठवते.

"म्हणजे उतार तिकडे आहे?" शालिकरामजींनी विचारलं.

"हो काका."

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, शेवटी समुद्र सगळा एकच. मी तर म्हणालोच. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी सरकारी गेटाला लाथ मारली होती. "उताराशी वाद नाही घालत, भाऊ. अन् दुसऱ्याच्या टेलवर आपलं पाणी नाही सोडत. डोकी फुटतात." त्यांनी झाकण लावलं, फडकं बांधलं, चार गाठी मारल्या आणि एका पायात चप्पल घालून घराकडे चालू लागले.

दुपारी त्यांनी जवसाच्या चटणीचा डबा उघडला नाही. प्रकरण गंभीर आहे हे आम्ही ओळखलं. घाडीकाका पडवीत शालिकरामजींजवळ येऊन बसले. सकाळचा चपलेचा प्रसंग त्यांच्या कानावर गेला होता.

"तिथीची पाऊणपट करूची," ते म्हणाले. "आज तृतीया. तीनाची पाऊणपट सव्वादोन. सव्वादोनाक भरती पुरी. उद्या चतुर्थी, म्हणजे तीनाक."

शालिकरामजींची मान वर झाली. "म्हणजे याचीबी पाळी आहे?"

"आसा तर, पाळीच आसा."

"चुकत नाही कधी?"

"माझ्या आज्यापासून तरी चुकाक नाय."

"एकतीस वर्षांत माही पाळी एकदाबी टायमावर नाही झाली," शालिकरामजी म्हणाले, आणि त्यांनी चटणीचा डबा उघडून घाडीकाकांपुढे सरकवला. समुद्राबद्दल त्यांना पहिल्यांदाच आदर वाटला होता.

दुसऱ्या दिवशी चतुर्थी. शालिकरामजींचा संकष्टीचा उपास, खांद्यावर कॅन, हातात साबुदाण्याच्या उसळीचा स्टीलचा डबा आणि पायात घाडीकाकांच्या चपला. सकाळी सहाला रितिका आणि घाडीकाका आम्हाला देवराईत घेऊन गेले. तिथं जांभ्या खडकाच्या कपारीत एक झरा आहे. तो वाहत वाहत सहा किलोमीटरवर समुद्रापर्यंत जातो. इकडे त्याला व्हाळ म्हणतात. त्याच्या काठाकाठानं उगमापासून शेवटापर्यंत चालायचं, असा त्या दिवसाचा बेत होता.

रितिका वर पाहत चालत होती, शालिकरामजी खाली. ती कुजबुजे, "धनेश! त्या वडावर!" आणि आम्ही माना वर करत असताना मागून आवाज येई, "इथं गळती आहे." एका ठिकाणी रानगव्याचा ताजा माग होता. सगळे श्वास रोखून उभे. शालिकरामजींनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "याच्या पायानं काठ ढासळून राह्यला." धनेश मात्र त्यांच्या आवाजानं तीन झाडं सोडून बसला आणि तिथून निघेपर्यंत त्यांच्याकडेच पाहत राहिला.

पण अर्ध्या वाटेवर ते थांबले. व्हाळाच्या काठावर झाडांची मुळं एकमेकांत गुंतून घट्ट भिंत झाली होती. त्यांनी मुळांवर हात फिरवला.

"इथं सिमिट नाही, चौकीदार नाही. अन् पाणी किती महिने?"

"बाराही महिने, काका. पावसाचं पाणी ही झाडं जमिनीत धरून ठेवतात आणि हळूहळू सोडतात."

"म्हणजे झाडंच पाळी देऊन राह्यले," शालिकरामजी म्हणाले. त्यानंतर ते वर पाहायला लागले. पुढचा धनेश त्यांनीच दाखवला.

अकराच्या सुमारास झाडी संपली, केवड्याची बेटं गेली, आणि वाळू आली. शालिकरामजी सगळ्यांच्या पुढे होते. टेल बघायला ते जवळजवळ पळतच गेले. आणि थांबले.

व्हाळ समुद्राला मिळत नव्हता. लाटांनी मध्ये वाळूचा दांडा उभा केला होता. अलीकडे व्हाळाचं पाणी डोह होऊन साठलं होतं, पलीकडे समुद्र होता, आणि मध्ये तीस पावलं कोरडी वाळू.

शालिकरामजी वाळूत बसले. "इथंबी?" एवढंच म्हणाले.

मग त्यांनी डब्यातली उसळ माझ्या रुमालावर उपडी केली, रिकामा डबा फावड्यासारखा धरला आणि उठले.

"काका, नाही!" रितिका मध्ये आली. "आपण शिंपलासुद्धा उचलत नाही. आणि डोहात माशांची पिल्लं आहेत. वाट फुटली तर पाणीच वाट रुंद करत जाईल, सगळा डोह रिकामा होईल."

"बरोबर बोलून राह्यली पोरी," शालिकरामजी म्हणाले. "म्हणून तोंडाशी गोटे लावीन. चार बोटांची धार, त्याच्यावर नाही. मीच उघडीन, मीच लावीन. गेट उघडणं कोणालेबी येते. लावणं येते का, ते पाह्य."

रितिका घाडीकाकांकडे पाहायला लागली. "करूंदेत त्यांका," घाडीकाका म्हणाले. "तीनाक भरती येतली, ता सगळा बुजवन टाकतली."

"पंधरा मिनिटं," रितिका म्हणाली. "फक्त पंधरा."

मग मी एक माणूस कामावर पाहिला. त्यांनी वाळूत आडवं झोपून, एक डोळा मिटून उतार पाहिला. सरळ न खणता चर तिरपा खणला, म्हणजे धार दमानं जाईल. वळणावर गोटे बसवले, तोंडाशी दोन चपटे दगड उभे केले. आम्ही अकरा जण हातांनी वाळू उपसत होतो आणि शिव्या खात होतो. "हळू गा! लग्नातली पंगत आहे का?" शेवटी त्यांनी मला समुद्राच्या बाजूला उभं केलं, घड्याळ पाहिलं आणि एक दगड सरकवला.

चार बोटं पाणी निघालं. वाळूनं आधी ते पिऊन टाकलं. पुन्हा आलं, पुन्हा पिऊन टाकलं. मग थोडं पुढे सरकलं.

"आलं का गा?" तिकडून शालिकरामजी ओरडले.

"येऊन राह्यलं!" मी ओरडलो.

माझ्या पायाशी ते क्षणभर थबकलं. मग एक लाट वर आली, फेस पसरला, आणि जांभ्यातून आलेलं तांबूस पाणी त्या फेसात शिरलं.

"पोचलं!" मी ओरडलो. "शालिकरामजी, टेलला पोचलं!"

ते दगडापाशीच उभे होते. धावत येऊन पाहतील असं वाटलं होतं. पण गेट सोडून चौकीदार जात नाही. त्यांनी फक्त टोपी काढली आणि पुन्हा घातली. आम्ही नाचलो, रितिका तर चराच्या बाजूनं पळत होती. पंधरा मिनिटं झाली तेव्हा तीच म्हणाली, "काका, अजून दोन मिनिटं!"

"नाही वं पोरी. पाळी संपली." दगड बसला, वाळू दाबली गेली. डोह दोन बोटंसुद्धा उतरला नव्हता.

किनाऱ्यावर रेंज होती. त्यांनी नत्थूंना फोन लावला आणि सवयीनं स्पीकरवर ठेवला.

"नत्थू, पोचलं गा टेलले. माह्या हातानं."

"कोणाचं?" नत्थूंनी विचारलं.

"कोकणाचं."

"अन् आपलं?"

शालिकरामजींनी खांद्यावरच्या कॅनकडे पाहिलं. "आपलं येऊन राह्यलं," ते म्हणाले, आणि पलीकडून नत्थू इतक्या जोरात हसले की किनाऱ्यावरचे बगळे उडाले.

कॅन परत नागपूरला आला, त्याच चार गाठींसकट. आता शालिकरामजींच्या बाल्कनीत तो तुळशीशेजारी असतो. गोदावरीच्या मुखाशी जायचं ठरलं, नत्थू, ते आणि मी. मार्चमधली विजयवाड्यापर्यंतची तीन तिकिटं काढली, तिथून पुढे बसनं जायचं होतं. वेटिंग अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. शालिकरामजी रोज सकाळी फोन करत. "एकवीसवर आलं, भाऊ. सरकून राह्यलं." मग अकरावर आलं. मग सहावर. नत्थूंनी नवीन चपला घेतल्या, आणि किनाऱ्यावर त्या कुठे ठेवायच्या नाहीत हे शालिकरामजींनी त्यांना तीनदा समजावलं.

चार्ट लागला तेव्हा आमचं वेटिंग एक, दोन आणि तीनवर येऊन थांबलं होतं.