लाखोळीची बांधी

परवा आमच्या फुटबॉल क्लबच्या स्पर्धेचं उद्घाटन झालं. पाहुणे माईक हातात घेऊन म्हणाले, "या गावानं आपल्या लेकींना मैदान दिलं." मंडपात टाळ्या पडल्या. माझ्या हातात सत्काराचा नारळ होता, आणि तो कोणाच्या तरी टाळक्यात घालावा असं मला फार मनापासून वाटलं. गावानं मैदान दिलं म्हणे! गावानं आम्हाला नावं ठेवली, बोअरिंगवर आमच्या आयांना टोमणे मारले, आमच्या पायांकडे टक लावून पाहिलं. जे तेव्हा रस्त्यातून आमच्यावर थुंकत गेले तेच आता स्टेजवर हार घालून बसतात. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच. या क्लबची पहिली गोलकीपर मी. तेव्हा इतिहास सांगायचाच तर मी सांगते, आणि गोड करून सांगणार नाही.

भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला त्यानंतरच्या वर्षांतली गोष्ट. आमचं गाव मोहाडीजवळ, तलावाच्या पाळीखाली. मी नववीत असताना आमच्या वर्गात एक नवी मुलगी आली. तिचे वडील जवाहरनगरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत नोकरीला होते. ती तिथल्या क्वार्टरमध्ये वाढली होती आणि कॉलनीतल्या पोरांमध्ये घुसून फुटबॉल शिकली होती. वडिलांनी गावातल्या बौद्ध मोहल्ल्यात घर बांधलं आणि कुटुंबाला इकडे आणलं. सामानाबरोबर एक फुटबॉलही आला. शाळेत मुलींना खो-खो सोडून काही ठाऊक नव्हतं. हिनं पहिल्याच आठवड्यात आम्हाला बॉलच्या मागे पळवलं. आम्ही तिला कॅप्टन आणि स्वतःला क्लब म्हणू लागलो. आजही तिला दुसऱ्या नावानं हाक मारली तर आमचीच जीभ अडखळते.

मला तिनं गोलमध्ये उभं केलं, कारण मला पळता येत नव्हतं आणि मार खायची भीती वाटत नव्हती. दोन्ही गोष्टी घरात शिकले होते.

मैदान म्हणजे आमच्या घरची बांधी. धान कापून झालं की शेताचा तो तुकडा उन्हाळा संपेपर्यंत तसाच पडून असायचा. गावाला लागून, चांगला लांबरुंद, चारही बाजूंनी मातीचा धुरा, म्हणजे बांध. धानाची खुंटं पायाला टोचायची, पण ती आठवडाभरात आमच्याच पायांखाली मोडून बसली. सातबारा माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाच्या नावावर होता. त्यांना आम्ही मोठेबाबा म्हणायचो. घर एकत्र होतं, शब्द फक्त त्यांचा. माझे वडील त्यांच्यासमोर मान डोलवायचे, आणि एवढ्या वर्षांत त्यांनी ती आडवी हलवलेली मी एकदाही पाहिली नाही.

पहिला हिवाळा मोठेबाबांनी सोसला. मग त्यांनी एक दिवस मला आणि कॅप्टनला एकाच बाटलीनं पाणी पिताना पाहिलं. घरी आल्यावर मला समोर उभं केलं.

"फुटबॉल खेळ का काही खेळ, मले घेणंदेणं नाही," ते म्हणाले. "पण कोनासंग खेळून राहिली, कोनाचं उष्टं पिऊन राहिली, ते पाहत जा."

"तिचं पाणी तिच्या घरच्या फिल्टरचं हाय, मोठेबाबा. आपलं बोअरिंगचं हाय," मी म्हटलं.

थोबाडीत बसली. लोक चड्डीचं, उघड्या पायांचं, लग्नाचं कारण पुढे करायचे. खरं कारण ती बाटली होती. गावात जातीचं नाव कोणी घेत नाही, आडून बोलतात, आणि मग वर 'आमच्या गावात असलं काही नाही' असंही सांगतात. मला त्या माणसाचा राग तेव्हा आला आणि तो आता गेला असं मी म्हणणार नाही. ते वारले तेव्हाही गेला नाही.

दुसऱ्या वर्षी आमच्यापुढे एक गोष्ट आली. भंडाऱ्याला मुलींचा जिल्हा संघ नव्यानं निवडायचा होता. खेळणाऱ्या मुली बहुतेक गोंदियाकडच्या होत्या, जिल्हा फुटल्यावर इकडे संघच उरला नव्हता. शाळेतल्या खेळाच्या बाईंनी सांगितलं की होळीच्या आसपास निवड आहे, अख्ख्या क्लबनं यायचं, एक सामना खेळायचा, त्यातून मुली घेतील. कॅप्टनची निवड होणार हे आम्ही धरूनच चाललो होतो. मला माझी व्हायला हवी होती. इतकं सरळसरळ काही मागावंसं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं. त्यासाठी धान कापायची आम्ही वाट पाहत होतो.

धान कापलं, भारे उचलले, आणि खाली बांधीभर हिरवं उगवलेलं दिसलं. मोठेबाबांनी लाखोळी टाकली होती. आमच्याकडे ही डाळ धान उभं असतानाच खालच्या ओलीत फेकतात. नांगरायचं नाही, पाणी द्यायचं नाही, धान निघालं की ती आपली वर येते. या बांधीत कित्येक वर्षांत कोणी ती टाकली नव्हती. लाखोळी खाल्ली तर पाय जातात म्हणत, सरकारनं ती विकायला बंदी केली होती, लोक घरापुरती लावायचे. आणि आमच्या घरात घरापुरती दुसऱ्या बांधीत होतीच. म्हणजे ना भाव, ना गरज. पाय घालवणारं पीक आमच्या पायांसाठी मुद्दाम पेरलेलं.

आम्ही धुऱ्यावर उभ्या होतो. मी म्हटलं, "चला उतरू. तुडवून टाकू."

कॅप्टन हलली नाही. "पीक हाय व. मी नाही पाय देत."

"त्यायचं पीक हाय. तुले काय त्याचं?"

"खायची वस्तू हाय. माझ्या आजीनं लोकाइची लाखोळी उपटून घर चालवलं."

बाकीच्याही नाही उतरल्या. आमच्याकडे पोर रांगायला लागल्यापासून त्याला सांगतात, अन्नावर पाय देऊ नये. मोहल्ल्यात सांगतात, आमच्या आळीतही सांगतात, त्यात भेद नाही. मोठेबाबांना हे ठाऊक होतं. कुंपण घातलं असतं तर आम्ही उडी मारून आत गेलो असतो. म्हणून त्यांनी पीक घातलं. या डोक्याचा उपयोग त्यांनी चांगल्या कामाला केला असता तर आमचं घर कुठल्या कुठे गेलं असतं.

तो हिवाळा आम्ही मोहाडीला सायकली हाणत गेलो आणि आठवडी बाजाराच्या जागेवर खेळलो. सडलेल्या टमाट्यांवरून पाय घसरायचा. पानठेल्यावरची माणसं मॅच बघितल्यासारखी बघायची नाहीत, दुसरंच काही बघायची. आम्ही खेळलो. रागानं खेळ सुधारतो, हे मी स्वानुभवानं सांगते.

फागुन लागला आणि लाखोळी वाळली. ही वाळली की घाई करावी लागते, नाहीतर शेंगा तडकून दाणे मातीत जातात. उपटायला दरवर्षी मोहल्ल्यातल्या बाया यायच्या. मोठेबाबा सांगायला गेले. कोणी सभा घेतली नव्हती की ठराव केला नव्हता, पण दारोदार एकच उत्तर मिळालं. कॅप्टनच्या काकूनं तर तोंडावर सांगितलं, "आमच्या पोरीइले तुमची बांधी चालत नाही, त आमाले कशी चालंल?"

हे ऐकून मी खोलीत जाऊन हसले. दुसऱ्या दिवशी हसू जिरलं, कारण उपटायला कोणी नाही म्हटल्यावर उपटणार कोण? माझी मोठीआई, माझी आई आणि मी. मोठेबाबांना धडा शिकवला गेला आणि तो आमच्या कंबरेला बसला. वड्याचं तेल वांग्यावर. गावात पुरुषावर उगवलेला सूड नेहमी त्याच्या घरातल्या बायकाच फेडतात. मोठेबाबा मोहाच्या झाडाखाली बसून आम्हाला रांग सरळ ठेवायला सांगत होते.

निवडीचा दिवस त्यातच आला. सकाळी सगळ्या जणी एसटी धरायला निघाल्या आणि वाटेत बांधीपाशी थांबल्या. कॅप्टन धुऱ्यावर आली. "चाल," ती मला म्हणाली.

मी मोठेबाबांकडे पाहिलं. ते शांतपणे म्हणाले, "जाय ना. कोन धरून ठेवलं? तू गेली त तुझा वाटा तुझी माय उपटंल." आई वाकलेली होती. तिला आदल्या दिवसापासून ताप होता, आणि हे त्यांना माहीत होतं.

त्या सगळ्या जणी खाली उतरल्या असत्या तर तासाभरात बांधी रिकामी झाली असती. पुढची एसटीही मिळाली असती. हे कॅप्टनला कळलं, मला कळलं आणि मोठेबाबांनाही कळलं. ते त्याचीच वाट पाहत होते. ज्यांना बांधीतून हाकललं त्याच पोरींनी फुकटात येऊन त्यांचं पीक उपटावं. कॅप्टननं एकदा माझ्या आईकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे.

"नाही उतरत आमी," ती म्हणाली, आणि गेली.

मी तिच्यावर रागावले नाही. तिच्या जागी मी असते तर मीही उतरले नसते. मी खाली वाकले आणि मूठभर लाखोळी उपटली.

भंडाऱ्यात त्या दिवशी गोलकीपर नाही म्हणून कॅप्टन स्वतः गोलमध्ये उभी राहिली. आमची एकुलती एक खरी फॉरवर्ड. गोल झाले किती ते तिनं मला सांगितलं नाही. तिची निवड झाली नाही, कोणाचीच झाली नाही. मोठेबाबांनी रात्री जेवताना लाखोळीच्या डाळीला चव बरी आहे म्हटलं.

पुढच्या वर्षी धान पिवळं पडायला लागलं तशी मोठेबाबांनी लाखोळीच्या बियाण्याची कोठी उघडली. मोहल्ल्यातून कोणी यायचं नव्हतं, तेव्हा टाकायचं काम माझ्याकडे आलं. "बांधीभर टाक, कोपरा सोडू नको," त्यांनी बजावलं, आणि ते तालुक्याला गेले. आमच्याकडे दर वर्षी उकड्या तांदळासाठी धान उकडतात. त्याचा मोठा गंज परसात चुलीवर होता, पाणी खदखदत होतं. मी बियाण्याची टोपली त्यात रिकामी केली. आई समोर बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, गंजाकडे पाहिलं, आणि चुलीत आणखी एक लाकूड सारलं.

मोठेबाबा परतायच्या आत ते बियाणं उन्हात सुकवून मी बांधीत अगदी मन लावून टाकलं. एक कोपरा सोडला नाही. अन्नाची नासाडी केली असं कॅप्टन म्हणाली असती, म्हणून तिला मी ते कित्येक वर्षं सांगितलं नाही. मला मात्र त्याचं कधी वाईट वाटलं नाही, आज लिहितानाही वाटत नाही.

धान कापलं. खाली काळी माती आणि खुंटं, हिरवं म्हणून एक पान नाही. जमिनीची ओल गेली होती, आता दुसरं काही टाकायची सोय नव्हती. संध्याकाळी आम्ही सगळ्या बांधीत उतरलो आणि दगड मांडून गोल केला. मोठेबाबा आले. खाली बसून त्यांनी माती उकरली, एक दाणा काढला, बोटांत दाबला. तो पिठासारखा फुटला.

"बियाणंच खराब निघालं वाटते," ते म्हणाले.

मी गोलमध्ये होते. पलीकडून कॅप्टन बॉल घेऊन येत होती.

"व्हय, मोठेबाबा," मी म्हटलं. "बाजूले सरका जरा. बॉल लागंल तुमाले."