दोरावरची कुंकवाची रेघ

गजू झाडावरून पडून गेला नाही.

हे आधीच सांगतो. कारण वर्ष झालं तरी आमच्या डोणगावात कोणी ना कोणी विचारतंच, "कोणत्या झाडावरून पडला हो?"

काविळीनं गेला. दवाखान्याच्या कॉटवर.

आमचा दोघांचा धंदा झाडं छाटायचा. तारेवर आलेली फांदी, पत्र्यावर वाकलेला लिंब, की आम्हाला फोन.

वर चढलं की कमरेच्या बेल्टपासून एक दोर खोडाभोवती फिरून परत बेल्टला येतो. तो लॅनयार्ड. त्याची लांबी कमी-जास्त करायची कडी म्हणजे अ‍ॅडजस्टर. ती सरकली की माणूस खाली.

ती निवडायला गजूला जेवढा वेळ लागायचा, तेवढा लोक मुलगी बघायलाही लावत नाहीत. असं म्हटलं की त्याची बायको, आमच्या वहिनी, म्हणायच्या, "मले तं पाच मिनिटात पसंत केलं याइनं."

एकदा जालन्याच्या एका दुकानात गेलो. दुकानदारानं चकचकीत पीस काढला. एकदम इम्पोर्टेड.

"किती जाडीच्या दोरावर चालते?" गजूनं विचारलं.

"कोणत्याही दोरावर चालतो."

"मंग आपल्या कामाचा नाही. सगळ्या दोरावर चालते, ते एकालेही घट धरत नाही. चाल बे."

भर उन्हात रिकाम्या हातानं परत. मी रस्ताभर शिव्या दिल्या, तो रस्ताभर हसला.

पसंत पडलेली कडीसुद्धा लगेच झाडावर जायची नाही. आधी घरासमोरच्या लिंबाला, जमिनीपासून वीतभर वर लटकायचा. कडीला लागून दोरावर वहिनींच्या करंड्यातल्या कुंकवाची रेघ ओढायचा. मग सगळा भार टाकून हिसके. कोरड्या दोरावर, मग ओल्या. कडी रेघेवरून हलली की नापास.

जाणारे-येणारे पूजा समजून हात जोडायचे. एका म्हातारीनं तर विचारलं, "नारळ कवा फोडता?"

गजू लटकल्या लटकल्या म्हणाला, "डोकं फुटू नाही म्हणून तं हे चालू आहे, माय."

आजारी पडायच्या थोडं आधी त्यानं आमची जुनी कडी हातोड्यानं ठेचून टाकली.

"काऊन बे?"

"दात झिजले तिचे. ठेवली तं कोणी तरी वापरन. नवी दोघं मिळून आणू."

ते राहिलंच.

त्यानंतर मी वर चढलो नाही. शिडीवरून हाताला येतील तेवढ्या फांद्या छाटायचो आणि लोकांना गुडघा दुखतो म्हणून सांगायचो. गुडघा ठणठणीत आहे. खाली गजू उभा नसताना वर जायची भीती वाटत होती.

धाड गावच्या एका चिंचेचं काम आलं, तेव्हा शेवटी नवी कडी घेतली. एकट्यानं. दुकानात त्याचेच प्रश्न विचारले, त्याच्याच आवाजात.

आज वर्षश्राद्ध. पंगती उठल्यावर त्याच लिंबाला दोर बांधला. खिशात खडू होता. कुंकू कोणत्या तोंडानं मागणार?

वहिनी दारातून बघत होत्या.

"खडू काऊन आणला, भाऊजी?"

आत गेल्या आणि करंडा घेऊन आल्या. गजू गेल्यापासून त्या कुंकू लावत नाहीत. मला वाटलं होतं, करंडाही घरातून गेला असेल.

"हे दोराचं कुंकू आहे. हे मी टाकलं नाही."

रेघ त्यांनीच ओढली. मी लटकलो, हिसके दिले. त्यांनी तांब्यानं दोर भिजवला. पुन्हा लटकलो. त्या वाकून बघत होत्या, गजू बघायचा तशाच. माझ्या डोळ्यांपुढं सगळं अंधुक झालं होतं, मला रेघ दिसतच नव्हती.

"सरकली नाही," वहिनी म्हणाल्या. "जा तुम्ही. चढा."

उद्या धाडच्या चिंचेवर चढतोय, गजू.

खाली तू नसशील. पण कडी वहिनींनी पास केली आहे.

तू निवांत राह्य बे.